वेल्ड केलेली टायटॅनियम फ्रेम मॉडेलवर बसते पण तोंडात एका बाजूने उचलते, काय करू?

वॅक्सनाइफ:
नमस्कार मंडळी, खालच्या जबड्याची फुल आर्च केस (सगळे दात एकाच फ्रेमवर) आहे, ५ इम्प्लांट (हाडात बसवलेली कृत्रिम मुळं), सगळ्यांवर मल्टी-युनिट अबटमेंट (ज्यावर फ्रेम स्क्रूने बसते तो जोड). मिलिंग (मशीनने अख्खी फ्रेम कोरणं) केलं नाही, टायटॅनियमचे सिलिंडर आणि ग्रेड २ चा (शुद्ध टायटॅनियमचा) बार घेऊन मॉडेलवरच (तोंडाच्या प्लास्टरच्या प्रतिकृतीवर) लेझर वेल्ड केलं. मॉडेलवर पाचही स्क्रू लावले की मस्त बसते, पण डॉक्टरांनी तोंडात उजवीकडच्या शेवटच्या इम्प्लांटवर एकच स्क्रू लावला तर डावीकडे फ्रेम उचलते, प्रोबचं (तपासायच्या सुईचं) टोक आत जाईल एवढी फट. डॉक्टर म्हणतात इम्प्रेशन (तोंडाचं माप) ओपन ट्रेचं होतं, कोपिंग (माप घेताना इम्प्लांटवर लावायचे तुकडे) रेझिनने (कडक होणाऱ्या प्लास्टिकने) जोडलेले होते, म्हणजे चूक लॅबची. शिवाय दोन-तीन जॉइंट निळे पडले होते ते मी रबरने घासून चकचकीत केले. तोंडात पाचही स्क्रू आवळले की फट दिसत नाही, मग तसंच अॅक्रिलिक (दात-हिरडीचं प्लास्टिक) चढवून दिलं तर चालेल का? पेशंटची तारीख जवळ आलीय, जीव टांगणीला लागलाय.

आर्गॉनवाला:
नाही चालणार भाऊ, आवळून बसवू नका. आधी एक सांगा, मॉडेलवर एकच स्क्रू लावून बघितलं का? पाच स्क्रू आवळले की वाकडी फ्रेमपण खाली ओढली जाते आणि आपल्याला वाटतं बसली. मॉडेलवरही तीच टेस्ट करा, एका टोकाला एक स्क्रू, बाकी मोकळे, आणि लूपखाली (भिंगाखाली) दुसरं टोक बघा. तिथेही उचलली तर वेल्डिंगने ओढलंय. तिथे नीट बसली आणि तोंडातच उचलते तर तुमचं मॉडेल तोंडासारखं नाही, मग कितीही वेल्ड करा काही होणार नाही.

आणि बार न् सिलिंडरमध्ये गॅप किती होती? वितळलेलं टायटॅनियम थंड होताना आकसतं, गॅप जेवढी मोठी तेवढं जास्त ओढतं. बार सिलिंडरला टेकलाच पाहिजे, टेकत नसेल तर त्याच ग्रेडचा तुकडा घासून मध्ये बसवायचा, नुसती वायर भरत बसायचं नाही. मी आधी सगळीकडे टाके (छोटे छोटे वेल्ड) मारून घेतो, एक टाका या बाजूला की लगेच दुसरा बरोबर समोर, आणि मधल्या इम्प्लांटपासून सुरू करून एकदा डावीकडे एकदा उजवीकडे. एक जॉइंट पूर्ण करून मग पुढचा घेतला की फ्रेम हळूहळू एकीकडे ओढली जाते, ते मॉडेलवर स्क्रू लावलेले असताना दिसत नाही, स्क्रू काढले की कळतं.

निळ्या जॉइंटचं मात्र मनावर घ्या. टायटॅनियम गरम असताना हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन ओढून घेतं आणि ठिसूळ होतं, रंग ही फक्त त्याची खूण. घासल्याने खूण गेली, ठिसूळपणा तसाच राहिला. चांगला वेल्ड चांदीसारखा चमकतो. आर्गॉनचा (हवा दूर ठेवणाऱ्या गॅसचा) नोझल जवळ ठेवा आणि शेवटच्या शॉटनंतर लगेच हलवू नका, धातू निवेपर्यंत गॅस चालू राहू द्या. ते जॉइंट कापून परत करा.

प्रॉस्थो_ताई:
मी डॉक्टरांच्या बाजूची, तरी सांगते, चूक लॅबचीच असं आधीच ठरवणं बरोबर नाही. कोपिंग रेझिनने एकाच वेळी सलग जोडले तर रेझिन आकसताना तेही ओढतं. आदल्या दिवशी जोडून, मध्ये बारीक कापून, तोंडात फक्त तेवढी फट थोड्याशा रेझिनने भरायची. फ्रेम करायच्या आधी प्लास्टरचं व्हेरिफिकेशन जिग (मॉडेल तोंडाशी जुळतं का ते तपासायचा सांगाडा) घ्यायला सांगा, प्लास्टर वाकत नाही, मॉडेल चुकीचं असेल तर सरळ तडकतं.

आवळून का नाही ते पेशंटच्या बाजूने बघा. दाताला लिगामेंट (मुळाभोवतीचा लवचिक पडदा) असतं, तो थोडा सरकून घेतो. इम्प्लांट हाडाला घट्ट चिकटलेला, तो सरकत नाही, मग सगळा ताण स्क्रूवर राहतो. स्क्रू परत परत सैल होतो, कधी तुटतो, आणि त्रास त्या माणसाला जेवताना होतो.

मी स्वतः काही केसेसमध्ये तोंडातच वेल्ड करते, इटलीतल्या मोंदानींची पद्धत. बार वाकवून प्रत्येक अबटमेंटला टेकवायचा, तांब्याच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये धरायचा, क्षणात करंट जाऊन जोड होतो, वायर लागत नाही. इम्प्रेशनची चूक फ्रेममध्ये येतच नाही हा मोठा फायदा. पण बार जोर लावून टेकवला तर तो ताण तसाच आत राहतो, वाकवण्यातच सगळा वेळ जातो आणि तो द्यावाच लागतो.

वॅक्सनाइफ:
ताई, दादा, मनापासून आभार. मॉडेलवर एका स्क्रूने बघितलं, तिथेही डावीकडे उचलते, म्हणजे माझंच वेल्डिंग. डाव्या दोन जॉइंटला जवळजवळ अर्धा मिलिमीटर गॅप होती, वायरने भरली होती, आणि निळे पडलेले तेच. आता कापून मॉडेलवरच परत जोडू का?

आर्गॉनवाला:
मॉडेलवर नको, एवढं झाल्यावर तोंडातूनच घ्या. खराब जॉइंट पातळ डिस्कने कापा, दोन्ही तुकडे डॉक्टरांना तोंडात हलक्या हाताने स्क्रू करू द्या, मध्ये पॅटर्न रेझिन, पूर्ण सेट झाल्याशिवाय काढायचं नाही. मग तुकड्यांनाच अॅनालॉग (अबटमेंटची धातूची नक्कल) लावून खाली छोटा प्लास्टरचा बेस ओता आणि वेल्ड त्या बेसवर करा. गॅपमध्ये तुकडा बसवायला विसरू नका. अॅक्रिलिकच्या आधी परत एका स्क्रूची टेस्ट, यावेळी दोन्ही टोकांकडून.

वॅक्सनाइफ:
डॉक्टरांना आत्ताच फोन करून सगळं सांगितलं, तारीख पुढे घेतली त्यांनी. परवा तोंडात जोडतोय.