अण्णांचं ३५ एमएमचं मशीन भंगारात द्यायचं नाही, पण पार्ट कुठे मिळतील?

माणदेशी_लेक

नमस्कार. आमची टुरिंग टॉकीज होती. मशीन म्हणजे सिनेमा दाखवायचा प्रोजेक्टर, तो ट्रकच्या हौद्यात बसवलेला, तिथूनच झोत तंबूतल्या पडद्यावर. सातारा, सांगली, सोलापूरकडच्या जत्रा करायचो. लहानपणी मी तिकिटांच्या गल्ल्यावर बसायचे आणि मशीनची घरघर ऐकत तिथेच झोपायचे. अण्णांनी शेवटचा खेळ २०१२ मध्ये केला. पुढच्या हंगामात वितरकाने सांगितलं, आता सिनेमाच्या फिल्मवरच्या प्रती, म्हणजे प्रिंट, निघत नाहीत, डिजिटल घ्या. तेवढे पैसे नव्हते.

अण्णा गेल्या वर्षी गेले. ट्रक आधीच विकला होता, मशीन गोठ्यात ताडपत्रीखाली आहे. भंगारवाला किलोवर मागतोय, भाऊ म्हणतो देऊन टाक. मला ते पुन्हा चालू करायचंय. आमच्याच गावच्या जत्रेत, एक रीळ तरी.

हाताने फिरवलं की थोडं जातं आणि अडकतं. स्प्रॉकेटचे, म्हणजे फिल्म ओढणाऱ्या दातेरी चाकाचे, दात एका बाजूला झिजून आकड्यासारखे झालेत. मुंबईत दोन ठिकाणी फोन केला, "आता कुणी बनवत नाही" म्हणून ठेवून दिला. खरंच कुणी बनवत नाही का? आणि चालणारी वस्तू बनवायची का थांबवली?

केबिनवाला_सोलापूर

ताई, पहिलं काम म्हणजे हाताने फिरवणं थांबवा. जोर लावाल तर क्रॉसची पिन जाईल, आणि ती गेली की काम अवघड.

मी ३१ वर्षं टॉकीजच्या मशीन केबिनमध्ये काढली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मशीनचा जीव क्रॉसमध्ये असतो. चार खाचांची फुली आणि तिच्या शेजारी पिन असलेली चकती. चकतीची एक फेरी झाली की फुली पाव फेरी सरकते, फिल्म तिच्या कडेची चार भोकं म्हणजे बरोबर एक फ्रेम (एक चित्र) खाली येते आणि थांबते. सरकताना शटर उजेड अडवतं, म्हणून प्रेक्षकाला फिल्म सरकलेली दिसत नाही. हे सेकंदाला २४ वेळा, म्हणजे चकतीच्या मिनिटाला १४४० फेऱ्या. आपल्या ५० सायकलच्या (हर्ट्झच्या) विजेवर साधी चार पोलची मोटर साधारण तितक्याच फेऱ्या देते, त्यामुळे मोटर जळाली तरी गावातला वाइंडिंगवाला भागवून द्यायचा. क्रॉस तेलाच्या डबीत बुडालेला असतो. तुमचं तेल दहा-बारा वर्षांत गोंदासारखं झालंय, अडकतं ते बहुतेक त्यानेच. डबी उघडा, जुनं तेल काढा, रॉकेलने धुवा, पूर्ण सुकू द्या. तपासणीपुरतं शिलाई मशीनचं पातळ तेल चालेल. ग्रीस अजिबात नको.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मशीन वाईट ठरलं म्हणून ते बंद पडलं नाही. आपल्याकडे २००५ नंतर सॅटेलाइटने सिनेमा पोचवायची सोय आली. एका प्रिंटला पन्नास हजारांच्या वर खर्च यायचा, वर पेट्या एसटीने आणा-पाठवा. तो सगळा खर्च निर्मात्याचा वाचला, मग त्याने प्रिंट का काढावी? फुजीने २०१३ मध्ये प्रिंटची फिल्म बंद केली. २०१४ च्या जानेवारीत पॅरामाउंटने अमेरिकेत फिल्म प्रिंट पाठवणं थांबवल्याची बातमी आली, ती मी केबिनमध्येच वाचली. कोडॅक अजून फिल्म बनवतं, पण ते चार-दोन दिग्दर्शकांच्या हट्टावर.

कारखाने मेले ते मात्र आणखी एका कारणाने, आणि ते फारसं कुणी बोलत नाही. तेलपाणी वेळेवर केलं तर हे मशीन चाळीस वर्षं आरामात चालतं. सगळी थिएटरं चार-पाच वर्षांत डिजिटल झाली तेव्हा चालू स्थितीतली हजारो मशीनं एकदम बाहेर पडली, फुकट न्या म्हणून. अशा बाजारात नवं मशीन कोण घेणार? आणि नवं खपत नाही तर सुटा दात तरी कोण पाडून ठेवणार?

ती फुकटची मशीनं सांभाळली असती तर आज तुम्हाला हा प्रश्न पडला नसता. मी होतो तिथे २०१३ मध्ये दोन मशीनं केबिनच्या जिन्यावरून ढकलून दिली. चौघे धरून सहज उतरवता आली असती. खाली पडल्यावर पितळ वेगळं, अॅल्युमिनियम वेगळं. दिव्यासमोर फिल्म ज्या गेटमधून सरकते त्याची पट्टी मी रोज खेळाआधी मऊ फडक्याने पुसायचो, फिल्मवर ओरखडा येऊ नये म्हणून, ती पट्टी टेम्पोत विटांच्या तुकड्यांखाली पाहिली. त्या दिवशी दोन क्रॉस आणि एक लेन्स मी मागून घेतली. बनियनच्या कापडात गुंडाळून, तेल लावून अजून कपाटात आहेत.

उजेडाचं बोलायचं राहिलं. तुमच्या मशीनचा दिवा कार्बनच्या कांड्या जाळणारा असेल तर कांड्या मिळणं मुश्कील, आणि मिळाल्या तरी त्या धुराला चिमणी लागते. झेनॉन वायूचा असेल तर दिवा स्वतः काढू नका. तो थंड असतानाही आत दाब असतो, फुटला तर चेहऱ्यावर येतो. एका रिळापुरता चांगला एलईडी बसवून घ्या, छोट्या पडद्याला पुरेल. आणि दिवा कुठलाही असो, चालू असताना फिल्म गेटमध्ये थांबू देऊ नका.

मशीनवरची पाटी घासून नाव आणि नंबर टाका.

उद्यमनगर_लेथ

कोल्हापूरहून. वडील टॉकीजवाल्यांचे स्प्रॉकेट आणि रोलर करायचे, त्यांच्या हाताखाली मीही केलेत. या कामाला कंपनी लागत नाही. डिव्हायडिंग हेड (चाकाचे सारखे भाग पाडायचं साधन) असलेला चांगला मिलिंगवाला आणि धीर, एवढं पुरतं. क्रॉसखालचा स्प्रॉकेट १६ दातांचा, प्रिंटच्या भोकांमधलं अंतर ४.७५ मिलिमीटर. पण कागदावर माप पाठवू नका, सर्वांत कमी झिजलेला स्प्रॉकेट नमुन्याला पाठवा. दाताच्या बुंध्याची गोलाई चुकली की भोकं फाटतात.

त्याआधी पाहा, बऱ्याच मशीनवर स्प्रॉकेट काढून उलटा बसवता येतो. दात एकाच अंगाने झिजतात, दुसरं अंग कोरं असतं. कदाचित खर्चच येणार नाही.

बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा हाताने तयार केला, तोही शंभर वर्षांपूर्वी. सोळा दात आपल्याला जमतीलच.

म्युनिकची_रश्मी

माझ्या घरापासून जवळ, गेर्मेरिंगला किनोटॉनचा कारखाना होता. जगातल्या उत्तम ३५ आणि ७० एमएम मशीनांपैकी त्यांची मशीनं. तोही २०१४ मध्ये बंद झाला. ज्या देशात एर्नेमानने १९०९ मध्ये ड्रेस्डेनला अख्खं पोलादी मशीन बाजारात आणलं, तिथली ही गत. इथल्या फिल्म म्युझियममध्ये अजून फिल्मही दाखवतात. एकदा खेळ संपल्यावर ऑपरेटरला विचारलं, पार्ट कुठून आणता? म्हणाले, बंद पडलेल्या थिएटरांतून गोळा करून ठेवलेत, नवीन काही येत नाही. कपाटातल्या क्रॉसचं वाचलं आणि तेच आठवलं. काका, ते सांभाळलंत म्हणून मनापासून आभार.

माणदेशी_लेक

काल दिवसभर त्यावरच होते. डबीतून तेल नाही, काळा डांबरासारखा गोळा निघाला. दोनदा रॉकेल बदललं. संध्याकाळी नुसतं बोट लावलं आणि क्रॉस टकटक करत फिरला! आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आवाज ऐकून.

वरच्या स्प्रॉकेटला उलटा बसवून पाहिलं, बसला. क्रॉसखालचा दोन्हीकडून गेलाय, तो कोल्हापूरला पाठवते. पाटीवर "फोटोफोन" एवढं वाचता येतं, नंबर अर्धवट आहे, फोटो टाकते.

पत्र्याच्या पेटीत फिल्मचे सात डबे सापडले. तीन उघडल्यावर नाकात जाणारा आंबूस वास आला. हे लावून बघू का?

केबिनवाला_सोलापूर

आंबूस वासाचे तीन डबे आजच बाकीच्यांपासून लांब, हवेशीर सावलीत ठेवा. फिल्म आतून कुजायला लागली की असा वास येतो आणि तो शेजारच्या रिळांनाही लागतो. ती आखडलेली असणार, मशीनवर लावलीत तर फाटेल. डब्यांवरची नावं लिहून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. एखाद्या सिनेमाची बरी प्रिंट त्यांच्याकडे नसेलही. उरलेल्या चारांतलं एक रीळ आधी रिवाइंडरवर (रीळ गुंडाळायच्या साधनावर) हाताने सावकाश पाहू. प्रत्येक जोड बोटाने चाचपायचा.

माझ्याकडचा एक क्रॉस फोटोफोनचाच आहे. तुमचा चांगला असेल तर तो राखीव म्हणून तुमच्याकडे राहू दे, माझ्या कपाटात काय उपयोग. जत्रा कोणत्या तिथीला आहे? दोन दिवस आधी येतो, मशीनमध्ये फिल्मचा लूप (सैल वळसा) किती सोडायचा ते लिहून कळायचं नाही, हाताने दाखवावं लागेल.