फिशटँकला वेगळी लाईन: गरज की थेरं?

टिळकनगरचा मासेवाला

आमच्या बैठकीत चार फुटी टाकी आहे, ४ × १.५ × १.५, काठोकाठ भरली तर अडीचशे लिटर. गेल्या रविवारी इथे इंदूरला नळाला नर्मदेचं पाणी आलं म्हणून अर्धं पाणी बदलायला घेतलं. फरशी ओली, मी अनवाणी, हात कोपरापर्यंत आत. बोटांपासून दंडापर्यंत अशी झिणझिणी गेली की मगा हातातून सुटला. टेस्टर बुडवून पाहिला तर लख्ख पेटला. हीटरची काच बारीक तडकली होती आणि नळीत आतून वाफ धरली होती. मागच्या वेळी चालू हीटर पाण्याबाहेर उघडा पडला, त्याचंच हे फळ.

तोवर सगळा संसार सोफ्यामागच्या एका एक्स्टेंशन पट्टीवर: हीटर ३०० वॉट, फिल्टर ३०, लाईट ४०, एअर पंप ५. दुसऱ्या दिवशी वायरमन बोलावला आणि महाराणी रोडवरून सामान आणून डीबीपासून, म्हणजे घराच्या खटक्यांच्या पेटीपासून, वेगळी लाईन ओढून घेतली. दीड चौरस मिलिमीटरची वायर, फेज-न्यूट्रल-अर्थ तिन्ही नवे, १० अँपिअरचा डबल पोल एमसीबी (करंट फार वाढला की फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा खटका), ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट बाहेर गळू लागला की पडणारा खटका). सॉकेट टाकीच्या बाजूला, पाणी उडणार नाही असे. प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ दिलाय, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब झोळातून फरशीवर पडतो, सॉकेटात शिरत नाही.

साडू म्हणतो, "नवा हीटर आणला असतास तरी भागलं असतं." माझं मत: दोन फुटांपेक्षा मोठ्या प्रत्येक टाकीला वेगळी लाईन हवीच. बोला.

हिशोबी

साडू शहाणा आहे. ३७५ वॉट भागिले २३० व्होल्ट, पावणेदोन अँपिअरसुद्धा होत नाहीत. आमचा मिक्सर साडेसातशे खातो, त्याला कुणी वेगळी लाईन देतं का? घराला मेनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी असला की टाकीही त्यातच आली. बाकी सगळी हौस. हौसेला मोल नसतं, पण तिला सुरक्षा म्हणू नका.

टिळकनगरचा मासेवाला

मिक्सरमध्ये कुणी कोपरापर्यंत हात घालत नाही, भिया.

मत्स्यगंधा

मी हिशोबींच्या बाजूने, पण कारण वेगळं. हा आरसीसीबी नावाचा प्राणी माझ्याकडेही आहे, टाकीचा स्वतंत्र. लग्नाला दोन दिवस देवासला गेलो होतो. मागे तो पडला. कशाने, ते आजतागायत कळलं नाही. फिल्टर बंद, हवा बंद. परत आलो तर सहा गोल्डफिश वर तरंगत होते आणि पाण्याला वास. तुम्ही माणूस वाचवायला निघता आणि मासे मारता. मी तो काढून साधा एमसीबी लावला. गेलं वर्षभर काही झालेलं नाही.

जुना वायरमन

ताई, तेवढं उद्याच्या उद्या परत लावा. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. १० अँपिअरचा एमसीबी पडायला निदान त्याहून जास्त करंट वाहावा लागतो. अंगातून ३० मिलीअँपिअर जास्त वेळ गेले तरी जिवाशी खेळ. तुम्ही टाकीला चिकटून बसाल आणि एमसीबीला पत्ताही लागणार नाही.

माशांचं दुःख खरं आहे, पण त्याला उपाय आहे. एअर पंप पाण्याबाहेर असतो, आत फक्त नळी जाते. तो टाकीच्या लाईनवर ठेवूच नका. बॅटरीवर चालणारा छोटा पंप मिळतो, नाहीतर इन्व्हर्टरच्या पॉईंटवर घ्या. पंप पाण्याच्या पातळीच्या खाली असेल तर नळीत चेक व्हॉल्व्ह घाला, नाहीतर लाईट गेल्यावर पाणी उलटं पंपात येतं. आणि इन्व्हर्टरचा न्यूट्रल टाकीच्या न्यूट्रलला कुठेही जोडू देऊ नका. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ताडून बघतो. न्यूट्रल एकत्र झाले की हिशेब चुकतो आणि तो विनाकारण पडतो. तुमचा बहुतेक तसाच पडला असणार.

हिशोबी, लोडचं गणित बरोबर आहे, पण वेगळी लाईन लोडसाठी नसतेच. घरभर एकच आरसीसीबी असला की गिझर, वॉशिंग मशीन, पावसाळ्यात ओल धरलेला बोर्ड, सगळ्यांची थोडी थोडी करंटची गळती त्याच्या खात्यात जमा होते. ३० चा आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो. मग गिझरच्या पापाची शिक्षा माशांना.

हिशोबी

पटलं, अर्धं. पण अर्थिंगचं काय? रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात तिसऱ्या भोकात तार आहे की नुसतं भोकच, देव जाणे.

जुना वायरमन

खरी मेख तिथेच. मासेवाले, तुमच्या हीटरचा प्लग दोन पिनांचा की तीन?

टिळकनगरचा मासेवाला

दोन. नवा आणला तोही दोनच.

जुना वायरमन

मग ऐका. टाकी काचेची, स्टँड लाकडाचा. हीटर फुटला, फेज पाण्यात उतरला, तरी करंटला जमिनीपर्यंत वाटच नाही. आरसीसीबी निवांत. तुम्ही ओल्या फरशीवर उभे राहून हात घातलात की वाट तुम्ही. तेव्हा तो पडतो, झटक्यात पडतो, वाचवतोही. पण पहिली खबर त्याला तुमच्या अंगातूनच मिळते. शिवाय दोन पिनांचा प्लग उलटा बसला तर उपकरणाचं स्वतःचं बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज आत तसाच राहतो. म्हणून पाणी बदलताना बटणावर विसंबू नका, प्लग उपसा. हीटरचा प्लग काढून १५ मिनिटं थांबा, मगच पाणी उतरवा.

मत्स्यगंधा

मग तांब्याची अर्थची तार टाकीत सोडून द्यावी काय?

जुना वायरमन

तांबं अजिबात नको, कोळंबी पहिल्यांदा मरेल, मग मासे. त्यासाठी अर्थला जोडायची टायटॅनियमची सळई येते. आरसीसीबी असेल तर ती चांगली, हीटर फुटताक्षणी तो पडतो, तुमचा हात आत नसतानाच. आरसीसीबी नसेल तर मात्र घालू नका. एक हात अर्थ केलेल्या पाण्यात आणि दुसरा खराब लाईटच्या पत्र्यावर, तर करंट सरळ छातीतून जाईल. आणि हो, टेस्टर मंद पेटला म्हणून लगेच घाबरू नका. चांगल्या पंपाच्या मोटरमुळेही पाण्यात व्होल्टेज भासतं. मासेवाल्यांची गोष्ट वेगळी, त्यांना झिणझिणी बसली होती.

आता एक विचारतो. तुमच्या टाकीचा आरसीसीबी घराच्या मेन आरसीसीबीच्या आधी घेतलाय की नंतर?

टिळकनगरचा मासेवाला

म्हणजे?

जुना वायरमन

मेनचा आरसीसीबी खाली पाडा आणि टाकीकडे बघा.

टिळकनगरचा मासेवाला

पाडला. टाकीचा लाईट गेला.

हिशोबी

म्हणजे गिझर गळला तर तुमचे मासे आत्ताही जाणारच. कितीला पडलं म्हणालात हे सगळं?

टिळकनगरचा मासेवाला

ते विचारू नका. काका, तोच वायरमन परत बोलावू की दुसरा?

जुना वायरमन

तोच. मेन स्विचनंतर आणि घराच्या आरसीसीबीच्या आधी जोड घ्यायला सांगा. न्यूट्रलही तिथूनच, नाहीतर मत्स्यगंधाताईंसारखं होईल. अर्ध्या तासाचं काम आहे. त्याने पैसे मागितले तर चहा पाजा.