सासऱ्यांची .२७० रायफल नऊ वर्षं कपाटात पडून आहे, ठेवू, विकू की बॅरल बदलू?

रानवाट

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज लिहितोच. माझ्याकडे सासऱ्यांची .२७० विंचेस्टर रायफल आहे. जुन्या मिलिटरी माउझर ९८ च्या अ‍ॅक्शनवर (म्हणजे बोल्ट आणि तो ज्यात चालतो ती यंत्रणा) कुणीतरी बांधून घेतलेली, अक्रोडाचा दस्ता, वर चार पॉवरचा साधा स्कोप. कागदपत्रं माझ्या नावावर रीतसर झालीत. शिकारीच्या कामी ती शेवटची नऊ वर्षांपूर्वी आली, गोळी मी झाडली आणि ते शेजारी बसून होते. ते गेले आणि माझंही जाणं थांबलं, एकट्याला जावंसं वाटेना, ते राहूनच गेलं.

मागच्या महिन्यात काढली आणि रेंजवर नेली. पूर्वी शंभर मीटरवर तीन गोळ्यांची भोकं एका काडेपेटीखाली झाकली जायची. आता तळहात ठेवला तरी एखादं बाहेरच राहतं. रेंजवरच्या एकानं बॅरलमधून बघितलं आणि म्हणाला बॅरल संपलंय, नवीन टाका नाहीतर देऊन टाका.

मुलगी सतरा वर्षांची आहे, .२२ वर नेमबाजी शिकतेय आणि आजोबांची रायफल आपण चालवायची असं तिच्या मनात आहे, पण .२७० चा धक्का तिला झेपेल असं मला वाटत नाही. म्हणून डोक्यात आलं की बॅरल बदलायचंच आहे तर .२४३ किंवा ६.५ क्रीडमूर अशा कमी धक्क्याच्या काडतुसाचं करून घ्यावं का. बायको म्हणते वापरणार नसाल तर विका, बाबांना वस्तू पडून राहिलेली कधी आवडली नाही. तिचंही खरं आहे. मला काही सुचत नाहीये, अनुभवी लोकांनी सांगा.

लेथवरचा

दादा, आधी एक सांगतो, बॅरल संपलंय हे नुसतं आत डोकावून कळत नाही. मी बरीच वर्षं हेच काम करतोय आणि बॅरल गेलं म्हणून माझ्याकडे आलेल्या कितीतरी रायफलींत बॅरलला काहीही झालेलं नव्हतं. हिशोब करून बघा ना. .२७० चं बॅरल शिकारीपुरता नेम दीड-दोन हजार गोळ्यांपर्यंत तरी सहज धरतं, त्यापुढेही बऱ्याचदा चालतं. सासऱ्यांनी वर्षाला किती झाडल्या असतील, नेम लावायच्या धरून पंचवीस, फार तर तीस? पंचवीस वर्षं धरली तरी साडेसातशे होतात. बॅरल झिजतं ते चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या लगेच पुढे, जिथून रायफलिंग, म्हणजे आतले पिळाचे चर, सुरू होतात तिथे, आणि तेही लागोपाठ झाडून तापलेल्या बॅरलमधून आणखी झाडत राहिलं तर पटकन. सकाळी एक गोळी आणि मग दिवसभर शांत, अशा शिकाऱ्याचं बॅरल एवढ्यात जात नाही.

तेव्हा पैसे खर्च करायच्या आधी एवढं करा. रायफल रिकामी आहे ना ते दोनदा बघा, बोल्ट काढून बाजूला ठेवा. मग खालून अ‍ॅक्शनचे दोन स्क्रू बघा, पुढचा आणि मागचा. नऊ वर्षांत लाकूड सुकतं, आकसतं, आणि स्क्रू आपोआप सैल होतात, हाताला जाणवेलच असं नाही. मग स्कोपच्या बेसचे स्क्रू, त्यासाठी रिंगा उघडून स्कोप खाली काढावा लागेल, आळस करू नका. मग एक कागदाची पट्टी बॅरल आणि दस्त्याच्या मधून सरकवून बघा. एका बाजूला अडकत असेल तर लाकूड बॅरलला ढकलतंय, आणि बॅरल तापलं की गोळ्या एका दिशेला चालत जातात.

मग साफसफाई. नुसतं तेल फिरवणं वेगळं, मी तांबं काढायचं म्हणतोय. गोळीच्या आवरणाचं तांबं रायफलिंगमध्ये थरावर थर बसतं आणि वरून दारूची काजळी. तांबं काढायचं सॉल्व्हंट लावून चिंधी फिरवली की ती निळी बाहेर येईल, निळी यायची थांबेपर्यंत करत राहा, बाटलीवर लिहिलंय त्यापेक्षा जास्त वेळ आत ठेवू नका. आणि साफसफाईचा गज नेहमी बोल्टच्या बाजूनं घालायचा, तोंडाकडून नाही. माउझरचा बोल्ट सहज निघतो, तेव्हा कारणच नाही.

शेवटचं, बॅरलच्या तोंडाची कड, ज्याला आपण क्राउन म्हणतो. गोळी सगळ्यात शेवटी तिथून सुटते आणि तिथे एका बाजूला जरी दबलेलं असलं तरी मागून येणारा वायू एका बाजूनं आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो. कान साफ करायची कापसाची काडी घ्या, तोंडात थोडी आत घाला आणि कडेला टेकवत बाहेर ओढा, सगळ्या बाजूंनी. कुठे कापसाचे धागे अडकले तर तिथे गडबड आहे. एवढं करून पुन्हा रेंजवर जा आणि मग लिहा.

माळावरची

मी विकलीय म्हणून लिहिते. माझ्याकडे माझ्या काकांची .३०-०६ होती, सहा वर्षं मी तिला दर पावसाळ्यात काढायचे, तेल लावायचे, परत ठेवायचे. त्यात एकदा चामड्याच्या कव्हरमध्येच राहून गेली आणि दोन महिन्यांनी बघते तर बॅरलवर गंजाचे तपकिरी ठिपके, कारण चामडं ओल धरून ठेवतं. त्या दिवशी मला कळलं की मी काकांची आठवण जपत नव्हते, एक काम जपत होते. परवानाधारक दुकानामार्फत विकली, सगळी नोंद करून, आणि घेणारा मुलगा दर मोसमाला ती घेऊन बाहेर पडतो. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

पण रानवाट, तुमच्या घरात ती चालवायला मागणारी मुलगी आहे. माझ्याकडे कुणीच नव्हतं. हा फरक मोठा आहे, विकायच्या आधी त्याचा विचार करा.

विकायचीच ठरली तर नवीन बॅरल टाकून मग विकू असं मात्र करू नका, घातलेले पैसे परत येत नाहीत. आहे तशी, नेमाबद्दल खरं सांगून विका.

पानगळ

.२४३ बद्दल सांगतो कारण हे मी करून बसलोय. माझी पण माउझर ९८ च, आणि .२७० चीच. मी वाचलं की .२७०, .३०-०६, .३०८, .२४३, क्रीडमूर सगळ्यांच्या काडतुसाचं बूड एकाच मापाचं, बोल्टला काही करावं लागत नाही, नुसतं बॅरल बदललं की झालं. ते खरंच आहे, बूड एकच आहे. पण लांबी? .२७० चं केस, म्हणजे काडतुसाची पितळी नळी, साडेचौसष्ट मिलिमीटर आणि .२४३ चं जेमतेम बावन्न. माझं मॅगझिन .२७० साठी लांब करून घेतलेलं होतं, त्यात .२४३ ची काडतुसं पुढे-मागे घरंगळायची, बोल्ट पुढे ढकलला की टोक खाली अडकायचं, कधी दोन एकदम वर यायची. ज्यानं काम केलं त्यानं आधी याबद्दल एक शब्द सांगितला नाही. नंतर दुसऱ्याकडून मॅगझिनमध्ये मागे ठोकळा बसवून घेतला, फीड रॅम्पवर, म्हणजे काडतूस चेंबरकडे चढतं त्या उतारावर, काम करून घेतलं, तेव्हा कुठे नीट चालायला लागली, आणि तोपर्यंत दोन मोसम गेले होते.

कमी धक्का हवा आणि अ‍ॅक्शन पण तीच ठेवायची तर ७x५७ चा विचार करा, माउझरचंच १८९२ चं काडतूस, ही अ‍ॅक्शन त्याच घराण्यातली आहे. लांबी त्यातल्या त्यात जवळची, धक्का .२७० पेक्षा मऊ आणि हरणापुरतं भरपूर. आणखी एक, परवान्यावर कॅलिबर लिहिलेलं असेल तर बॅरल मागवायच्या आधी परवाना देणाऱ्यांना विचारा. काही ठिकाणी नुसतं सुटं बॅरल घेतलं तरी त्याची नोंद लागते.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. लेथवरचा दादा, तुम्ही सांगितलं तसं केलं, चार संध्याकाळ लागल्या.

पुढचा अ‍ॅक्शन स्क्रू पाऊण आटा फिरला!! मागचा ठीक होता. स्कोपच्या मागच्या बेसचा एक स्क्रू तर बोटानं फिरत होता, मी नऊ वर्षं त्या स्कोपला हात लावला नव्हता आणि तरी रेंजवर जाऊन बॅरलला दोष देत होतो. कागदाची पट्टी टोकापासून चेंबरपर्यंत सरळ गेली. मग साफसफाई. पहिल्या दिवशी चिंध्या काळ्या, दुसऱ्या दिवशी निळ्या, अगदी शाई सांडल्यासारख्या निळ्या, तिसऱ्या दिवशी फिक्या, चौथ्या दिवशी पांढऱ्या. मुलगी शेजारी बसून चिंध्या कापून देत होती आणि मोजत होती, त्र्याहत्तर लागल्या.

काल रेंजवर गेलो. ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पसारा, निम्म्यावर आलाय. तळहाताऐवजी आता तीन बोटांत बसतो. पण पूर्वीसारखा नाही, एक गोळी कायम खाली उजवीकडे जाते.

कापसाची काडी पण फिरवली. चार वाजताच्या दिशेला, म्हणजे घड्याळातले चार, धागे अडकतात. दरवेळी तिथेच. आणि मग आठवलं, सासरे गज तोंडाकडून घालायचे. तीन तुकड्यांचा जोडायचा गज होता त्यांचा, लोखंडी, अजून कपाटात आहे. अंगणात खुर्चीवर बसून रायफल गुडघ्यात उभी धरून वरून खाली ओढत बसायचे, तासभर. इतक्या मायेनं करायचे. मी कित्येकदा शेजारी बसून बघितलंय.

लेथवरचा

मग झालं, सापडलं. तो जोडगज दरवेळी त्याच जागी घासत गेलाय, जोडाची कड लागते. बॅरल बदलायचं काही कारण दिसत नाही मला. तोंडाकडून काही मिलिमीटर कापून लेथवर नवा क्राउन घालून घ्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि नवीन बॅरलच्या मानानं खर्च अगदीच किरकोळ. कॅलिबर तेच राहतं, परवान्याला धक्का नाही.

फक्त ती माझ्यासारख्या कुणाकडे जाईल तेव्हा हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबरमध्ये काडतुसाला मिळणारी जागा, तपासून घ्यायला सांगा, हे मी आग्रहानं सांगतोय. मिलिटरी माउझर जुन्या असतात, काहींचं पोलाद वरून कडक आणि आतून मऊ, .२७० चा दाब मूळच्या काडतुसापेक्षा जास्त, आणि वर्षानुवर्षं झाडून बोल्टचे लग (त्याला अडकवून धरणारे दात) जिथे टेकतात तिथे रिसीव्हरमध्ये, म्हणजे बोल्टभोवतीच्या पोलादी सांगाड्यात, खळगा पडतो. बोल्ट उचलताना शेवटी अडकल्यासारखा लागत असेल तर ती खूण आहे. ही जागा मोजायचे दोन ठोकळे असतात, गो आणि नो-गो गेज, गो गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा आणि नो-गो वर होता कामा नये. नो-गो वर झाला तर तेवढ्यात नवीन बॅरल घालून भागवू नका, त्या अ‍ॅक्शनला रजा द्या. मुलीच्या हातात द्यायची आहे ना, मग हे आधी.

धक्क्याचं म्हणाल तर दस्त्याची लांबी तिच्या हाताला बघा. सासऱ्यांच्या हाताला बेतलेला दस्ता तिला लांब पडत असणार, आणि लांब दस्ता खांद्यावर नीट बसत नाही म्हणून जास्त लागतो. लाकूड कापू नका, आहे तो दस्ता जपून ठेवा आणि तिच्यासाठी एक साधा आखूड दस्ता, मागे चांगलं रबरी पॅड, आणि कमी भाराची काडतुसं मिळत असतील तर ती. सुरुवातीला एका वेळी पाच-सहाच गोळ्या. खांदा दुखायच्या आधी थांबवा, नाहीतर चाप ओढताना डोळे मिटायची सवय लागते आणि ती सुटता सुटत नाही.

माळावरची

आणि ठेवताना कव्हरमध्ये नको. उघडी, कपाटात, तोंड खाली करून, म्हणजे तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरत नाही.

रानवाट

तोंड खालीच ठेवलीय ताई. बोल्ट उचलताना अडकत नाही, आत्ता तुमचं वाचून रिकामा उचलून बघितला, पण गेजनं तपासून घेणारच. पुढच्या आठवड्यात देतोय, हेडस्पेस आधी, ते बरोबर निघालं तरच क्राउन. बायकोला सगळं वाचून दाखवलं. ती गजाचं ऐकून बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली तो गज टाकू नका, फक्त वापरू नका.

मुलीनं एका तुकड्याचा नवीन गज मागवलाय, तिच्या साठवलेल्या पैशांतून.