हेलिकॉप्टर शिकायचं तर आधी विमानाचं लायसन्स लागतं का?

सातारकर: भाची बारावी सायन्स झाली, फिजिक्स-मॅथ्स आहे. हेलिकॉप्टरच चालवायचं म्हणून हटून बसलीय. आधी विमानाचं काढावं लागतं का हो?

जुहूकर: मुळीच नाही. हेलिकॉप्टरचं सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, थेट मिळतं. वय १८ पूर्ण, उड्डाण १५० तास, शिवाय डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) पेपर. पैसे भरण्याआधी मेडिकल मात्र उरकाच. चष्मा चालतो.
मी आर २२ या एका इंजिनाच्या छोट्या हेलिकॉप्टरवर शिकलो. सुरुवातीला घाम काढतं ते हॉवर, म्हणजे जमिनीपासून चार-पाच फुटांवर एका जागी थांबणं. डाव्या हाताने कलेक्टिव्ह (वर-खाली नेणारा दांडा) उचललं की नाक उजवीकडे पळतं. लगेच डावं पेडल दाबायचं, तोवर उजव्या हातातलं सायक्लिक (पुढे-मागे, डावी-उजवीकडे नेणारा दांडा) सरकलेलं! भाचीला सांगा, मूठ आवळायची नाही, बोटांनीच धरायचं.

वाटसरू: नोकरीचंही बघा. जुहूहून बॉम्बे हायला (समुद्रातल्या तेलक्षेत्राला) जातात ती दोन इंजिनांची, आणि तिथे सैन्यातून आलेले अनुभवी पायलट रांगेत असतात. नव्याला कोण विचारतो?

जुहूकर: खरंय. वेळ लागतो.

सातारकर: मेडिकल पुढच्या आठवड्यात. तिच्या आईला कोण समजावणार, तेही सुचवा!