जुन्या २४०झेडच्या केबिनमध्ये सायलेन्सरच्या धुराचा उग्र वास: शोध कुठून सुरू करू?

चोक_अडकला
डॅटसन २४०झेड, १९७२ चं मॉडेल, एल२४ इंजिन, मूळचे दोन हिताची एसयू कार्ब्युरेटर. गाडीनं वेग घेतला की आत धुराचा वास भरतो, डोळे चुरचुरतात. काचा खाली केल्या तर कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. उभ्या गाडीत फारसा जाणवत नाही. सायलेन्सर नवा आहे. स्पार्क प्लग काढले तर सहाही काळे, कोरडी काजळी. आधी कार्ब्युरेटर ट्यून करून घेऊ की मागच्या दाराचं रबर बदलू?

टेललाइट
रबर. काचा उघडल्यावर वास वाढतो, इथेच निम्मं निदान झालं. या आकाराच्या गाडीमागे हवेचा दाब कमी असतो. धूर मागच्या दाराला चिकटून घुटमळतो आणि खिडक्यांमुळे केबिनमधला दाबही उतरला की मिळेल त्या फटीतून आत खेचला जातो.

आधी फुकटातली चाचणी. काचा बंद, पंखा फुल, हवा बाहेरून. वास घटला तर तो मागून येतोय. वाढला तर इंजिनाकडून, कारण पंखा हवा घेतो ती काचेखालच्या जाळीतून.

मागून असेल तर कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. दर १० सेंमीवर हे करत पूर्ण चक्कर मारा. जिथे पट्टी अलगद निघते तिथे रबर टेकत नाही. मग टेललाइट उतरवा. त्यांची पॅकिंग एवढ्या वर्षांत दगड झालेली असते आणि बहुतेक लोक दाराचं रबर बदलून तिथेच थांबतात. नंबरप्लेटच्या दिव्याच्या वायरीचं ग्रोमेट (वायर पत्र्यातून जाते तिथलं रबरी कडं) आणि मागच्या पत्र्यातल्या भोकांची बुचं राहिली, तेही बघा. अंधारात आत प्रखर दिवा ठेवून बाहेरून पाहिलं की राहिलेल्या फटी दिसतात.

बाजारातलं नवं रबर कधीकधी इतकं जाड आणि कडक निघतं की दार पूर्ण बसतच नाही. ते चिकटवण्याआधी नुसतं लावून बघा.

आणि सायलेन्सर नवा म्हणता, तर त्याच्या नळीचं तोंड बघा. ते बंपरच्या बाहेर निघालेलं आणि सरळ मागे असायला हवं. बंपरखालीच संपत असेल किंवा जमिनीकडे वाकवलं असेल तर कितीही रबरं बदला.

पॉइंट_गॅप
वरचं सगळं मान्य, पण सहाही प्लग काळे म्हणजे मिश्रण रिच आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, तो आजार वेगळा. कॅटलिटिक कन्व्हर्टर नसलेल्या गाडीच्या धुराला वास राहणारच, मात्र डोळे चुरचुरायला नकोत.

लगेच स्क्रू फिरवू नका. या कार्ब्युरेटरमध्ये चोक ओढला की नॉझल (पेट्रोल सोडणारी बारीक नळी) खाली सरकतो. केबल घट्ट झाली किंवा नॉझल मळला की चोक सोडल्यावरही तो वर येत नाही. इंजिन गरम, आयडलिंगवर. दोन्ही नॉझल खालून बोटानं वर दाबा. एखादा हलला आणि आवाज सुधारला, तर दुखणं तिथेच.

दोन्ही वर टेकलेले असतील तर कार्ब्युरेटरमधला पिस्टन (इंजिनाचा नव्हे) जेमतेम १ मिमी उचला. आरपीएम वाढून वाढलेलंच राहिलं तर रिच, इंजिन पडायला लागलं तर लीन (पेट्रोल कमी), किंचित वाढून पूर्ववत झालं तर बरोबर. फारच बिघडलं असेल तर मिश्रणाचा नट पूर्ण वर घेऊन अडीच फेरे खाली, दोन्हीकडे सारखं, आणि तिथून पुढे. तरी रिच राहिलं तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल ठरावीक पातळीवर ठेवणारा फ्लोट आणि त्याचा नीडल व्हॉल्व्ह तपासा. डिपस्टिकचाही वास घ्या: ऑइलला पेट्रोलचा वास आणि पातळी वर चढलेली, म्हणजे बहुधा पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम फुटलाय. मग ऑइल बदलेपर्यंत गाडी पळवू नका.

थंड_स्टार्ट
एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा भाग) विसरू नका. एल२४ चे पहिल्या आणि सहाव्या सिलिंडरकडचे टोकाचे स्टड (तो इंजिनाला घट्ट धरणारे बोल्ट) तुटतात. थंड इंजिन सुरू केल्यावर टिकटिक येते, गरम झाल्यावर धातू फुगून फट मिटते आणि आवाज जातो. म्हणून तपासणी थंड इंजिनावरच. जाड हातमोजा घालून सायलेन्सरच्या नळीच्या तोंडावर ओलं फडकं क्षणभर दाबा. जिथून फुसफुस येते तिथे बहुधा काजळीचा पट्टाही दिसेल. इनटेक (हवा-पेट्रोल आत नेणारा) आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डला मिळून एकच गॅस्केट आहे, उघडायचं तर दोन्ही उतरवावे लागतात.

एक नक्की करा: आकड्यात पीपीएम (दहा लाख भागांतले भाग) दाखवणारा कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा मीटर डॅशबोर्डवर ठेवा. घरगुती अलार्म चालणार नाही, तो ५० पीपीएमवर तासभरानंतर वाजतो. या वायूला स्वतःचा वास नसतो, त्यामुळे वास कमी झाला म्हणजे धोका टळला असं नाही. डोकं जड वाटलं की गाडी थांबवून बाहेर या.

चोक_अडकला
पंखा फुल केल्यावर वास निम्म्यावर आला. पट्टी दाराच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत अलगद निघते. पुढच्या कार्ब्युरेटरचा नॉझल बोटानं साधारण २ मिमी वर गेला.

पॉइंट_गॅप
मग क्रम ठरला. नॉझल काढून कार्ब क्लीनरनं पुसा, केबलला थोडी ढील द्या, काजळी साफ केलेले प्लग लावून गाडी फिरवा आणि रंग पुन्हा बघा. नट त्याआधी फिरवलात तर नॉझल मोकळा झाल्यावर तेच कार्ब्युरेटर लीन जाईल.

टेललाइट
कोपऱ्यांत फट असेल तर रबर मागवण्याआधी दाराचा लॅच समायोजित करून बघा, तो सैल असला तरी खालचा भाग टेकत नाही. टेललाइटची पॅकिंग मात्र आत्ताच बदला.