ताडपत्री काढून फोटो पाठवायचा की ताडपत्रीसकट?

जांभाचिरा:
मंडळी, जरा भांडायला या.

देवरुखजवळ आम्ही एका काकूंसाठी घर बांधलं. आम्ही म्हणजे मी आणि माझी पार्टनर, दोघीच आर्किटेक्ट, दोघींचंच ऑफिस आहे. जांभ्याच्या भिंती, बांधकाम चुन्यात, वर मंगळुरी कौलं, आढं-वासे एका पाडलेल्या वाड्याच्या सागवानाचे, आणि न्हाणीघरावर फिलर स्लॅब, म्हणजे काँक्रीट वाचवायला मधे हलकं काहीतरी भरलेला स्लॅब, त्यातही जुनी कौलंच घातलीत. ११०० स्क्वेअर फूट. आता एका ग्रीन आर्किटेक्चरवाल्या मासिकाला द्यावं म्हणून फॉर्म उघडला तर मागितलंय काय, १२ हाय रेझोल्यूशन फोटो, प्लॅन, दोन सेक्शन (घर उभं कापल्यासारखी ड्रॉइंग), ३०० शब्दांत कन्सेप्ट, 'सस्टेनेबल फीचर्स'ची यादी, फोटोग्राफरची परवानगी, आणि काम आधी कुठे छापलेलं नको. संपलं. एप्रिलमध्ये आत किती तापतं, वीज किती लागते, पाऊस आत येतो का, बांधलं कोणी, राहतं कोण, एक ओळ नाही.

आता खरी गोष्ट. फोटो डिसेंबरात काढले, घर कोरं होतं. फोटोग्राफरने ओटीवरची कपड्यांची दोरी काढायला लावली, पाण्याचं निळं पिंप मागे नेलं, काकूंची तुळससुद्धा हलवली कारण कुंडी प्लास्टिकची. मग जून आला. पश्चिमेकडून झड आली की कोकणात काय होतं ते कोकणातल्यांना सांगायला नको. आमची वळचण अडीच फूट, ती कमी पडली, चूक आमची, कबूल. भिंत ओली, आतून चुन्याला पोपडे. काकूंनी आम्हाला फोनसुद्धा न करता बाजारातून निळी ताडपत्री आणली आणि बांधून टाकली. यंदा तिसरा पावसाळा. ताडपत्री मे अखेर चढते, दसऱ्याला उतरते. पोपडे दुसऱ्या वर्षीपासून कमी झाले, हेही खरं.

माझं म्हणणं एवढंच की तीन पावसाळे झाल्याशिवाय कुठलंही घर 'ग्रीन' म्हणून छापायला देऊ नये, आणि द्यायचं तर ताडपत्रीसकट द्यावं. पार्टनर म्हणते तू वेडी आहेस.

टी_स्क्वेअर:
ताई, पार्टनर बरोबर आहे. तीन पावसाळे थांबाल तोवर काम जुनं होतं, बऱ्याच ठिकाणी दोन वर्षांच्या आतलंच लागतं. आणि आपल्याला आर्किटेक्टांना जाहिरात करता येत नाही हे विसरू नका, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचे १९८९ चे नियम आहेत. बिल्डर हायवेवर होर्डिंग लावतो, मॉड्युलर किचनवाला पेपरात पान घेतो, आपण काय करायचं? काम छापून येणं हा एकच सरळ रस्ता उरतो. माझं नाशिकचं एक फार्महाऊस छापून आलं तेव्हा सहा फोन आले, पाच नुसते रेट विचारणारे, सहाव्याने मळ्यात घर बांधून घेतलं, तेही बिनाएसीचं. तो फोटो बघून आला होता, वीजबिल बघून नाही. तुमच्या प्रामाणिकपणापायी काकूंसारखं दुसरं घर व्हायचं राहिलं आणि तिथे सिमेंटचा डबा उभा राहिला तर पर्यावरणाचं काय भलं झालं?

फुकटचा_सल्लागार:
@टी_स्क्वेअर त्याच नियमात पुढे काय आहे तेही सांगा की. कामाची चित्रं-वर्णनं छापून येऊ दे, पण त्यासाठी पैसे द्यायचे नाहीत आणि घ्यायचेही नाहीत. मला गेल्या वर्षी मेल आला, "अभिनंदन, आपला प्रकल्प निवडला गेला आहे", मी घरी पेढे आणायच्या बेतात, आणि खाली सहा पानांचा रेट, कव्हर हवं असेल तर वेगळा रेट!! मासिकाचं नाव घेत नाही. प्रोजेक्ट त्यांनी उघडूनही बघितला नव्हता, कारण मी चुकून सेक्शनच्या जागी पार्किंगचा लेआउट जोडला होता.

टी_स्क्वेअर:
पैसे देऊन छापा असं मी कुठे म्हणालो? सगळी मासिकं तशी नसतात.

लातूरकर:
मी स्ट्रक्चरवाला आहे त्यामुळे कडू बोलणार. तुम्ही लोक माती, दगड, चुना म्हटलं की डोळे मिटता. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंपात आमच्याकडे काय झालं ते आठवा. दोन-दोन फूट जाड दगडी भिंती, आत-बाहेर दोन थर आणि मधे नुसता चुरा भरलेला, दोन्ही थरांना बांधणारा एक लांब दगड नाही, आणि वर माळवदाच्या मातीचं ओझं. ते सगळं माणसांवर आलं, हजारोंनी गेले. मटेरियल मात्र शंभर टक्के लोकल, एकदम सस्टेनेबल! म्हणून मला फॉर्ममध्ये पावसाच्या प्रश्नाआधी हे बघायचंय की लिंटेलला बँड आहे का, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना बांधणारा पट्टा, आणि कोपरे कसे बांधलेत. ते कुणी विचारत नाही कारण बँड फोटोत दिसत नाही, प्लास्टरखाली जातो. ताई, तुमच्याकडे बँड आहे का?

जांभाचिरा:
@लातूरकर आहे, आरसीसीचा, लिंटेलला सगळीकडून फिरवलाय. आणि गंमत सांगू का, पहिल्या मसुद्यात मी तो लिहिलाच नव्हता कारण 'चुन्यातलं घर' म्हटल्यावर मधे सिमेंट कबूल करायला जड गेलं. म्हणजे खोटेपणा माझ्यातही आहेच.

प्रूफाचा_किडा:
मी एका छोट्या मासिकात चार वर्षं होतो (बंद पडलं), तेव्हा आमची बाजू ऐका. संपादक एक, मी एक, आणि डिझायनर अर्धा, तो दुपारनंतर लग्नपत्रिका करायचा. साइटवर जायला एसटीचे पैसे निघायचे नाहीत. आर्किटेक्चरचा आगाखान पुरस्कार देणारे प्रत्यक्ष माणूस पाठवून इमारत तपासतात, वापरात येऊन निदान एक वर्ष झालेलीच घेतात, कारण त्यांच्याकडे तेवढे पैसे आहेत. १९९८ ला आपल्या चोपडा तालुक्यातल्या लासूरच्या कुष्ठरोग रुग्णालयाला तो मिळाला, दोन तरुण नॉर्वेजियन आर्किटेक्टांचं काम, तेही बांधून पूर्ण झाल्यावर बऱ्याच वर्षांनी. जळगावातल्या किती जणांना माहितीये?

पण मुद्दा वेगळाच. फॉर्ममध्ये विचारत नाहीत म्हणून तुम्ही पाठवतच नाही, ही तुमची पळवाट आहे. आमच्याकडे एका बाईंनी न मागता मे महिन्यातलं रोजचं तापमान पाठवलं होतं, बाहेरचं एक आणि माजघरातलं एक, वहीच्या पानावर पेनाने लिहिलेलं. आम्ही ते पान तसंच छापलं, फोटो एक कमी केला. ताडपत्रीचा फोटो पाठवा आणि खाली लिहा वळचण चार फूट हवी होती. संपादकाने काढला तर काढू दे, पण आधीच स्वतः कात्री का लावायची?

टी_स्क्वेअर:
बोलायला सोपंय. "वळचण कमी पडली" असं छापून आलं की पुढचा क्लायंट ते पान घेऊन समोर बसतो, फी कमी करा म्हणून. तुम्ही मासिकात होता, तुमची फी कुणी कापली नाही.

प्रूफाचा_किडा:
पगारच नव्हता, कापणार काय :)

काचेचा_डबा:
इमारतींना ग्रीन रेटिंग देण्याच्या कामात आहे, आता शिव्या खायला तयार होऊन लिहितो. मासिकावर एवढा जीव कशाला टाकता? मोजायचंच असेल तर रेटिंग घ्या. 'गृहा' या आपल्या भारतीय पद्धतीचं रेटिंग कायमचं नसतं, पाच वर्षांनी परत तपासून घ्यावं लागतं. हैदराबादच्या ग्रीन बिझनेस सेंटरला २००३ ला लीड या अमेरिकन रेटिंगचं प्लॅटिनम, म्हणजे सगळ्यात वरचं, मिळालं, अमेरिकेबाहेरचं पहिलं, ते आकडे देऊनच ना?

जांभाचिरा:
@काचेचा_डबा शिव्या नाही देत. पण ११०० फुटांच्या घराला रेटिंगची फी आणि कन्सल्टंट कोण देणार, काकू? त्यांची पेन्शन आहे मास्तरकीची. तुमच्या पद्धतीत काचेचा टॉवर बसतो कारण त्याला मोजायला माणसं ठेवणं परवडतं, आणि जे घर मुळात एसी लावतच नाही ते कागदावर शून्य.

गवंड्याचा_पोर:
सगळं वाचलं. क्रेडिट लिस्टबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. आर्किटेक्ट, स्ट्रक्चर, लँडस्केप, लायटिंग, फोटो, सगळ्यांची नावं येतात. माझ्या बापाने कोल्हापूरच्या बाजूला रॅट ट्रॅपच्या भिंती बांधल्या, विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवायची, पाव हिस्सा विटा वाचतात, आणि एक वीट जरी सरकली तरी बाहेरून लगेच कळतं कारण वर प्लास्टर नाही. ते घर छापून आलं. बापाने मासिक आणून ठेवलंय, पाहुण्यांना भिंत दाखवतो, नाव दाखवता येत नाही. फोटोत खाली डाव्या कोपऱ्यात त्याचा ओळंबा लटकलेला राहिलाय, फोटोग्राफरच्या नजरेतून सुटला असणार, तो बोटाने दाखवतो.

जांभाचिरा:
@गवंड्याचा_पोर यावर मला उत्तर नाही. आमच्या मसुद्यातही मिस्त्रींचं नाव नव्हतं. आत्ता घातलं, चुना मळणाऱ्या दोघींचंसुद्धा.

टी_स्क्वेअर:
हे मान्य. नावं घालायला काही खर्च नाही. पण ताडपत्रीवर मी ठाम आहे, बारातला एक फोटो ठेवा हवं तर, शेवटचा. पहिला ठेवलात तर बाकीचे अकरा कुणी बघणार नाही.

लातूरकर:
बँडचा फोटो असेल तर तोही टाका. बांधताना काढलेला, मोबाईलवरचा चालेल.

फुकटचा_सल्लागार:
मासिक सोडा, चुना कुठून घेतला आणि मळला कसा ते सांगा. मला वैभववाडीकडे एक काम आहे, तिकडे चुना मळायची घाणी कुणाकडे दिसत नाही.

जांभाचिरा:
बैलाची घाणी आम्हालाही नाही मिळाली, मोटरवर चालणारी भाड्याने आणली. कळीचा चुना विझवून तीन आठवडे पाण्याखाली ठेवला, मग वाळू घालून मळला, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी. घाई करू नका, आमचे पोपडे थोडे त्या घाईचेही असावेत. गिलावा दिवाळीनंतर लगेच घ्या, आम्ही फेब्रुवारीत उन्हात केला.

फॉर्म भरलाय, ताडपत्री चौथ्या नंबरवर. पार्टनर दोन दिवस बोलत नाहीये. आणि व्यक्तिगत निरोपात कुणीतरी ताडपत्रीचं माप विचारलंय, त्यांना इथेच सांगते: २० बाय १२, रिंगा पितळी बघून घ्या, लोखंडी पहिल्याच पावसात गंजतात आणि भिंतीवर तांबडे ओघळ येतात.