मदत हवी आहे: डेंग्यू निगेटिव्ह, प्लेटलेट्स 24 हजार, पांढऱ्या पेशी 46 हजार

रुग्ण 19 वर्षांचा, पेडण्याचा. 12 दिवस ताप, जिना चढताना दम, हिरड्यांतून रक्त, पायांवर दाबूनही न मावळणारे बारीक लाल ठिपके. मलेरियाही निगेटिव्ह. पावसाळ्यात प्लेटलेट्स पडल्या की आपल्याकडे आधी डेंग्यूच आठवतो. पण डेंग्यूत पांढऱ्या पेशी सहसा घटतात, आणि हिमोग्लोबिन असं 6.8 वर येत नाही.

मशीनने ‘ब्लास्ट?’ असा इशारा दिलाय, म्हणजे रक्तात अपरिपक्व पेशी असाव्यात; ल्युकेमियाची (रक्ताच्या कर्करोगाची) शंका आहे. स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) मात्र अजून कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. लॅबचे पॅथॉलॉजिस्ट सोमवारी येणार, आज शनिवार.

5 दिवस अँटिबायोटिक झालं, फरक नाही. स्टेरॉइड दिलेलं नाही, कारण बोन मॅरो (अस्थिमज्जा) तपासण्याआधी दिलं तर निदान झाकलं जाऊ शकतं. रक्तस्राव वाढू नये म्हणून ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन, कमरेतलं इंजेक्शन बंद. (पपईच्या पानांचा रस कृपया सुचवू नका.)

सोमवारपर्यंत थांबणार नाही. ल्युकेमियाचा प्रोमायलोसायटिक प्रकार असला तर रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि मेंदूत रक्तस्राव कधीही होऊ शकतो. आत्ताच बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत नेतोय. तिथे शनिवारी रात्री स्मिअर, पीटी आणि फायब्रिनोजेन (रक्त गोठण्याच्या चाचण्या) होतं का? आणि प्लेटलेट्ससाठी रक्तदाते आजच सोबत न्यावेत, की उद्या सकाळी?